झेरॉक्सवाल्याला विचारा

2025च्या मे महिन्यात राज्य सरकारने आपल्याच कचेऱ्यांना 150 दिवसांचा अभ्यासक्रम नेमून दिला. विषय ई-गव्हर्नन्स. संकेतस्थळ, आपले सरकार, ई-ऑफिस, डॅशबोर्ड, व्हॉट्सअ‍ॅप, अगदी कृत्रिम बुद्धिमत्तासुद्धा. त्याआधी 100 दिवसांची चाचणी झालीच होती. पेपर तपासले होते भारतीय गुणवत्ता परिषदेने. जन्मभर आपले अर्ज तपासणाऱ्यांना कुणीतरी तपासतंय, या कल्पनेनेच मला बरं वाटलं. माणूस इतका क्षुद्र असतो.

तरी एक शंका राहतेच. परीक्षक येणार म्हटल्यावर फरशी पुसली जाते, जिन्यातल्या कोपऱ्यांना रंग लागतो, संगणकावरची प्लास्टिकची खोळ निघते. खरी तयारी जोखायची तर आत जाऊच नये. फाटकाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला विचारावं.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो. सही-शिक्क्याची गरज नाही, असं त्यावर स्वच्छ छापलेलं असतं. अशा स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याने 2000 सालीच मान्यता दिली आहे. असा उतारा मी एका खिडकीवर मोबाइलमध्ये दाखवला. पलीकडच्या बाईंनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"छान दिसतोय. आता याची प्रिंट काढा, दोन झेरॉक्स जोडा आणि तलाठ्यांचा शिक्का आणा."

"अहो, पण शिक्का लागत नाही असं यावरच लिहिलंय."

"लिहिलंय हो. पण फायलीला काय तुमचा मोबाइल टाचू?"

याला उत्तर नव्हतं. बाईंचं चुकलं असंही मला वाटत नाही. उद्या ऑडिटवाले आले, कागदावर शिक्का दिसला नाही, तर खुलासा बाईंनाच द्यावा लागणार. पोर्टल बनवणारा काही नोटिशीला उत्तर द्यायला येणार नाही. शिक्का न मारल्याबद्दल शिक्षा होणार नाही, एवढं वरिष्ठांनी एकदा सहीनिशी लिहून दिलं, तर बाई उद्यापासून क्यूआर कोड स्कॅन करतील. डॅशबोर्ड नंतर आला तरी चालेल.

तेव्हा गुणवत्ता परिषदेला नम्र विनंती: पुढच्या परीक्षेत समोरच्या दुकानात यंदा कागद किती खपला, एवढंही विचारा. खप उतरला असेल तर कचेरी पास. आमच्या कचेरीसमोरच्या दुकानदाराने दिवाळीत नवं मशीन घेतलंय, एकदम दोन्ही बाजू छापणारं.