पांढरी चारचं दुखणं

बेसूर माणसाचं एक बरं असतं, तो सगळीकडे सारखाच बेसूर असतो. बऱ्यापैकी सुरात गाणाऱ्याची पंचाईत एकाच ठिकाणी होते. अस्ताई निर्विघ्न पार पडते, समोर दोन माना डोलतात, आणि अंतऱ्यात चढता चढता आवाज मध्येच मोडतो. पुढे जो बाहेर पडतो तो आठवीतल्या मुलाचा.

पहिला संशय पट्टीवर. काळी दोनमध्ये तार रिषभावर आवाज फुटायचा, म्हणून काळी एकवर उतरलो. रिषभ ठणठणीत निघाला आणि फुटला गंधार! पेटीवाल्याने काही न बोलता बोट दाखवलं. दोन्ही वेळा खाली पांढरी चारच. पुरुषांचे बरेचसे आवाज याच आसपास अडखळतात. भजनी मंडळात यावर पिढीजात उपाय आहेत : कुणी नेमका तिथे खोकतो, कुणी टाळ वाढवतो, आणि मुरलेले बुवा हात वर करून तेवढी जागा श्रोत्यांकडून म्हणवून घेतात.

मूळ भानगड दोन स्नायूंची. एक स्वरतंतूंना आखूड नि जाड ठेवतो, दुसरा ताणून पातळ करतो. वर जाताना पहिल्याने हळूहळू कारभार दुसऱ्याकडे द्यायचा. पण पहिला म्हणजे सोसायटीचा मावळता सचिव. दप्तर शेवटपर्यंत सोडायचं नाही, आणि सोडलं की जिन्यातच आपटायचं. १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने दंतवैद्याचा आरसा घशात धरून उन्हाच्या कवडशात स्वतःचे स्वरतंतू पाहिले. मी आरसा धरला तेव्हा पडजीभ दिसली, आणि सकाळच्या पोह्यांतली मोहरी.

"अहो, वर जायचं म्हणजे ओरडायचं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" गाण्याच्या बाई म्हणाल्या. कुणी म्हणजे काय, गणपतीच्या आरत्यांनी! तिथे शेजारच्या मंडळापेक्षा वरचा आवाज हीच गायकी. बाईंचं औषध उलटं होतं. आवाज निम्मा करा, 'आ' सोडून 'ऊ' म्हणा, आणि चढूच नका. तार गंधारावर हलकेच सुरू करून मींडेने पंचमापर्यंत उतरा. उतरताना वरचा पातळ आवाज सोबत खाली येतो, सांधा कधी ओलांडला ते कळतही नाही. मग त्याच वाटेने, तेवढ्याच हलक्या आवाजात वर.

किशोरकुमारांवर मात्र माझा राग आहे. जी फट बुजवायला आम्ही घाम गाळतो, तिच्यावरून त्यांनी यॉडलिंग करत राजरोस उड्या मारल्या आणि वर टाळ्या घेतल्या. माझंही तसंच समजावं, असं मी सुचवून पाहिलं. बाईंनी तंबोरा लावायला घेतला.

हल्ली रात्री दिवा मालवून 'ऊ'काराचा रियाज चालतो. परवा शेजारच्या काकूंनी जिन्यात हिला गाठलं. "काल रात्री कण्हत कोण होतं गं? पोटात दुखत होतं का कुणाच्या?"

"छे हो," ही म्हणाली, "हे उतरत होते."