भांड्यांवर नाव घालू इच्छिणाऱ्यांस सूचना

धातूवर हाताने कोरीव काम करण्याचा छंद जडतो, त्याची लक्षणे ठरलेली आहेत. माणूस घरातला जुना पितळी डबा खिडकीशी नेतो, त्यावरच्या टिंबाटिंबांच्या नावावरून बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘‘यात काय आहे?’’ या टप्प्यावर घरच्यांनी त्याला चार दिवस गावाला धाडावे. तरीही गुण न आल्यास पुढील सूचना वाचाव्यात.

त्या डब्यावरचे नाव दुकानदाराने छिन्नी-हातोडीने ठोकून घातलेले असते. त्यात धातू दबतो, निघत नाही. तुमचा छंद याहून खानदानी. यात ग्रेव्हर नावाचे टोकदार पोलादी हत्यार तळहाताच्या जोराने पुढे ढकलायचे आणि धातूचा बारीक कीस काढायचा. विजेवर करकरणाऱ्या यंत्राने दोन मिनिटांत नाव घालून देणाऱ्यांकडे यापुढे तुच्छतेने पाहावे. तसे पाहणे नवशिक्यालाही पहिल्या दिवसापासून जमते.

ग्रेव्हर विकत आणला की कोरायला बसावे, असा एक गोड गैरसमज आहे. नव्या ग्रेव्हरला बहुधा कामाची धार नसते. तोंड साधारण ४५ अंशांत घासायचे, मग पोटाकडून १५ ते २० अंशांची इवलीशी टाच काढायची. टोक नखावर अलगद टेकवावे; रुतले तर धार आहे, घसरले तर पुन्हा धारेच्या दगडाकडे. हे टोक मोडतेही फार लवकर. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक दिवस तुमचा खरा छंद धार लावणे हाच असतो. पाहुण्यांना मात्र ‘सध्या कोरीव काम करतो’ असेच सांगावे.

सरावाला तांब्याचा पत्रा घ्यावा. घरभर स्टील पडलेले आहे म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये. ते कठीण असते आणि टोकाचा बळी घेते. पत्रा वाळू भरलेल्या चामडी गादीवर ठेवावा. मूठ जरा उचलली की टोक खोल रुतून बसते, जरा खाली गेली की सुळकन घसरते. पत्रा धरलेला हात म्हणून नेहमी टोकाच्या मागे असावा. ही एकच सूचना गमतीत घेऊ नये. वळण काढताना हत्यार जागच्या जागी ठेवून पत्रा फिरवायचा असतो. सगळे नवशिके आधी मनगट फिरवतात, मग खांदा, मग खुर्ची.

अक्षरांकडे वळण्यापूर्वी सरळ रेघा काढाव्यात, समांतर आणि पुष्कळ. देवनागरीत शिरोरेघेला पर्याय नाही आणि नवशिक्याची सारी थरथर तिथेच उमटते. आडनावात ‘ळ’ असेल तर तूर्त आद्याक्षरांवर भागवावे. रेघ चुकली तर पोलिसासारखी बघत बसते. रबर चालत नाही, आजूबाजूचा धातू खरवडून घासून काढावा लागतो.

खचून जाऊ नये. १८०५ साली मिरजेत, तिथल्या पटवर्धन सरदारांच्या आश्रयाने, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. छपाईसाठी कोरायचे म्हणजे प्रत्येक अक्षर उलटे. सातशे श्लोक! तुम्हाला ‘सौ. मालती’ एवढेच, तेही सुलट कोरायचे आहे.

हात थोडा बसला की आहेराच्या भांड्यांवर ‘सप्रेम भेट’ कोरण्याची हौस उसळते. ती आवरावी. नाव आणि तारीख कोरलेला तांब्या पुढच्या लग्नात सरकवता येत नाही, आणि तुम्ही केलेली ही अडचण लोक विसरत नाहीत.

शेवटचे. घरातल्या कुठल्याही भांड्यावर टोक टेकवण्याआधी ते कोणाच्या माहेरून आले आहे, ते विचारून घ्या. विचारण्याचीही भीती वाटत असेल तर काठाखाली बघा. बहुधा तिथे लिहिलेले असते.