अंशराशी

ज्या मनुष्याने तेहतीस वर्षे महसूल खात्याच्या दफ्तरात बसून परक्यांच्या अर्जांवर ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ असा शेरा मारण्यात आयुष्याचा उत्तम भाग वेचला, त्याच्यावर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःचाच अर्ज भरण्याचा प्रसंग यावा, यात नियतीची काही सूक्ष्म योजना असली पाहिजे. उपदान, तीनशे दिवसांच्या अर्जित रजेचे रोखीकरण, भविष्य निर्वाह निधीची शिल्लक, हे सारे मी सराईतपणे निकालात काढले. परंतु ‘निवृत्तिवेतनाचा किती अंश अंशराशीकृत करावयाचा’ या रकान्यापाशी माझी लेखणी जी थबकली, ती तीन दिवस हलली नाही.

‘अंशराशीकरण’ हा शब्द ज्याने घडविला त्याने तो स्नानसंध्या आटोपून, सोवळ्यात घडविला असावा; अर्थ मात्र निव्वळ बाजारी आहे. आपल्या पेन्शनीचा काही हिस्सा, जास्तीत जास्त शेकडा ४०, सरकारला विकावयाचा, त्याबद्दल एकरकमी पैसा घ्यावयाचा, आणि पंधरा वर्षे तग धरल्यास विकलेला हिस्सा परत मिळवावयाचा, असा हा सौदा. निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणीही लागत नाही. वर्ष उलटले की मात्र सरकारचा आपल्या प्रकृतीवरील विश्वास उडतो. भाव ठरविण्यासाठी एक कोष्टक आहे, आणि त्यात पुढील वाढदिवशी एकोणसाठ पूर्ण करणाऱ्या मनुष्यासमोर ८.३७१ हा आकडा छापलेला आहे. गीता आत्म्याला अविनाशी म्हणते. सरकारने माझ्यापुरता त्याचा हिशेब तीन दशांश स्थळांपर्यंत करून ठेवलेला पाहून मला क्षणभर हुडहुडी भरली.

माझे अखेरचे मूळ वेतन ६०,००० रुपये, म्हणून पेन्शन त्याच्या निम्मी, ३०,०००. तिचे शेकडा ४० म्हणजे १२,०००; वर्षाचे १,४४,०००; त्याला ८.३७१ ने गुणिले असता १२,०५,४२४ रुपये हाती पडणार. पंधरा वर्षांत मात्र पेन्शनीतून २१,६०,००० कापले जाणार. म्हणजे आठ वर्षे साडेचार महिन्यांत सरकारचे मुद्दल फिटते, आणि तेथून पुढे मी जो प्रत्येक श्वास घेईन तो व्याजासह घेईन! सरकारकडून नफा कमवावयाचा तर सहासष्टाव्या वर्षाच्या आत परलोकी प्रस्थान ठेवणे हा एकच राजमार्ग उरतो, आणि त्या नफ्याचा उपभोग घेण्याची सोय मात्र नियमांत कोठेही नाही.

शेजारच्या सेवानिवृत्त मास्तरांनी सल्ला दिला, “घेऊन टाका, साहेब. माणूस गेला की सरकार उरलेली रक्कम मागत नाही.” मयताच्या वारसांकडूनही जमीन महसुलाची थकबाकी कशी वसूल करावी, याच विद्येत हयात घालविलेल्या मला हे औदार्य इतके अविश्वसनीय वाटले, की मी घरी येऊन नियमांचे पुस्तक पुन्हा उघडले. मास्तर खरे बोलत होते.

ही सारी मृत्युमीमांसा चालू असता आमचे कुटुंब भाजी निवडीत होते. आमच्या पिढीत कुटुंब म्हणजे पत्नी, हे नव्या वाचकांस सांगावे लागेल. नियमांत जे ‘कुटुंब निवृत्तिवेतन’ आहे, तेही बहुधा त्याच जुन्या अर्थाने.

“अहो, तुम्ही अंश विकलात तरी माझी पेन्शन कमी होत नाही,” मेथीच्या जुडीवरून नजर न काढता ती म्हणाली. “आणि महागाई भत्ता पुऱ्या तीस हजारांवरच मिळतो. मी वाचलंय.”

“कधी?”

“तुम्ही तीन दिवस कपाळाला हात लावून बसला होतात, तेव्हा.”

मी निरुत्तर झालो. माझ्या पश्चात् हिची व्यवस्था काय, या चिंतेचे ओझे वाहताना जी एक विषण्ण प्रतिष्ठा मला लाभली होती, ती मेथीच्या देठांबरोबर केरात गेली. हिने सर्व हिशेब करून ठेवला होता. त्यात माझ्या मरणाची रीतसर तरतूद होती, असे समजून मी काहीसा दुखावलोच.

रात्री किराण्याची वही सहज हाती आली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात १२,०५,४२४ हा आकडा, त्याखाली ‘छत, मोतीबिंदू, बाकी पोस्टात’ अशी विभागणी, आणि अगदी तळाशी, माझ्या त्र्याहत्तराव्या वर्षाची तारीख घालून एकच ओळ: ‘बारा हजार परत सुरू. काशी, दोघे.’

कोष्टकात मला ८.३७१ मिळाले होते. घरच्या दफ्तरी पंधरा मंजूर झाली होती. सकाळी मी रकान्यात ४० लिहून सही केली. वरिष्ठांच्या हुकुमावर अपील करता येते, हे मला तेहतीस वर्षे ठाऊक आहे. कुटुंबाच्या हुकुमावर करता येत नाही, हे त्याहून थोडे अधिक काळ.