चूलबंद आवतण

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत छापील लग्नपत्रिका ही निमंत्रण नसून निमंत्रणाची पूर्वसूचना होय, हे परमुलखातून आलेल्या अभ्यासकाने आधी ध्यानात घेतलेले बरे. पहिली पत्रिका देवाची. सांगलीकर ती बहुधा पटवर्धनांच्या गणपती मंदिरात आणि वाईकर रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीपुढे हळदकुंकू लावून ठेवतात, आणि मग 'श्रीकृपेकरून', 'योजिले आहे', 'अगत्य येणेचे करावे' अशा शब्दांनी नटलेला तो कागद भावकीत फिरतो. ज्याच्या घरी तो नुसताच दारातून सरकवला गेला, तो मनुष्य 'आमाला कुणी सांगितलंच न्हाई' असे म्हणायला पूर्ण मोकळा राहतो. 'नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' अशी ओळ तळाशी असते; पत्रिका न मिळालेल्याने ती कोठे वाचावी, याचा खुलासा आजवर कोणत्याही छापखान्याने केलेला नाही.

खरे निमंत्रण तोंडी असते, त्याला आवतण म्हणतात, आणि त्यातही प्रती आहेत. 'घरटी एक' म्हणजे घरातून एकाच माणसाने पंगतीला यायचे. 'चूलबंद' म्हणजे निमंत्रितांच्या घरी त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, मग माणसे चार असोत की चौदा. घरटी आवतणाला दोन नातवंडे घेऊन येणारा गृहस्थ 'रडाय लागली, म्हणून आणली' असे सांगतो, आणि वाढपी मुकाट्याने आणखी दोन पत्रावळी मांडतो.

निमंत्रण जितके आदबशीर तितके ते टाळणे सोपे, असा येथील सर्वसाधारण नियम दिसतो. 'आपण सवडीने अवश्य यावे' याला 'बघू' एवढे उत्तर पुरते. 'या की वो, च्या तरी घिऊन जावा' याला उंबऱ्यावर बराच वेळ नको-नको म्हणून अखेर बसावेच लागते. आणि वाईजवळच्या बावधनच्या बगाड यात्रेचे 'यायला लागतंय' हे तर सरळसरळ फर्मान असते, जे मोडणाऱ्या पाहुण्याला पुढच्या सोयरिकीपर्यंत टोमणे खावे लागतात. पौषात माणसांची लग्ने सहसा लागत नाहीत, पण कराड तालुक्यातील पाल येथे खंडोबाचे म्हाळसेशी लग्न पौषातच लागते, आणि तेथे लोटणाऱ्या वऱ्हाडापैकी कोणीही पत्रिकेची वाट पाहत नाही.

सवडीच्या बोलावण्याचा अर्थ मात्र मुलखागणिक बदलतो. कँटोनीज बोलणाऱ्या हाँगकाँगमध्ये 'सवड झाली की चहाला भेटू' हे वाक्य बहुधा निरोपाचे असते, त्यावर कोणी वार-वेळ विचारीत नाही. कृष्णाकाठी असे कोणी म्हटलेच, तर ऐकणारा 'सवड कशाला, आत्ताच चला' म्हणून मोटारसायकलला किक मारतो, आणि म्हणणाऱ्याला मागे बसावे लागते.