साताऱ्याहून सांगलीला मुंबईमार्गे

‘जपानी शिकायचंय, कुठलं ॲप घेऊ?’ साताऱ्यात पोवई नाक्यावर विचारा, नाहीतर सांगलीत विश्रामबागेत. पहिलं उत्तर एकच येतं: ड्युओलिंगो. का, तर फुकट आहे आणि सगळे वापरतात. याला निवड म्हणत नाहीत. ॲप कुणासाठी बनवलंय, हे आधी बघायला हवं.

बहुतेक ॲप्स इंग्रजी येणाऱ्यांसाठी बनवलेली आहेत. तिथेच आपल्या मुलांचं नुकसान होतं. मराठी मुलाला जपानीची निम्मी वाट घरातूनच मिळालेली असते आणि ही ॲप्स त्याला ती वाट सोडायला लावतात.

‘मी शाळेत जातो’ हे वाक्य घ्या. जपानीत ‘वाताशि वा गाक्को नि इकिमास’. वाताशि म्हणजे मी, गाक्को म्हणजे शाळा, नि म्हणजे आपला ‘त’ प्रत्यय, इकिमास म्हणजे जातो. मधला ‘वा’ वाक्य कुणाविषयी आहे ते दाखवतो, तेवढाच आपल्याला नवा. बाकी क्रम तोच, प्रत्यय शब्दाच्या मागे, क्रियापद शेवटी. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला इथे सगळं वाक्य उलटं करावं लागतं, म्हणून त्याच्या ॲपमध्ये शब्दांचे ठोकळे पुढेमागे लावायचे खेळ असतात. आपलं जतचं किंवा पाटणचं पोरगं तेच खेळ खेळत बसतं. मराठीतलं वाक्य इंग्रजीत न्यायचं, तिथे उलटं करायचं, जपानीत आणून पुन्हा सुलटं करायचं. साताऱ्याहून सांगलीला जायला मुंबईमार्गे तिकीट काढण्यासारखं आहे हे. इंग्रजी कच्चं असेल तर बऱ्याचदा चुकतं ते इंग्रजी. पण पडद्यावर लाल खूण उमटते आणि मुलाला वाटतं, आपल्याला जपानी झेपत नाही. याचा मला राग येतो.

अक्षरांचंही तसंच. हिरागाना ही पहिली लिपी, मूळ अक्षरं ४६. क्रम बघा: अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बालवाडीतल्या पोरालाही हा क्रम ओळखीचा वाटेल. ‘स’ची ओळ आपल्या ‘च’च्या जागी आणि ‘ह’ची ओळ आपल्या ‘प’च्या जागी बसली आहे, कारण जुन्या जपानीत ‘ह’च्या जागी ‘प’च होता. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीतून संस्कृतचा अभ्यास केला, त्या वर्णमालेचा हा ठसा आहे. जपानमधल्या शिंगोन या बौद्ध पंथात सिद्धम् अक्षरं आजही लिहितात. त्या पंथाचं मुख्य ठाणं वाकायामा प्रांतातल्या कोयासान डोंगरावर. तिथल्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालेला हा विद्यार्थी. त्याच साताऱ्यातल्या मुलाला जपानी अक्षरं एबीसीडीच्या कुबड्या देऊन शिकवायची, हे मला पटत नाही.

म्हणून ॲपची पहिली परीक्षा ही: रोमाजी, म्हणजे रोमन लिपीतली जपानी, बंद करता येते का? येत नसेल तर ते ॲप नको. रोमनमधला टी आपण ‘ट’ वाचतो आणि डी ‘ड’ वाचतो. म्हणूनच आपण टोयोटा म्हणतो, होंडा म्हणतो. जपानी माणूस ‘तोयोता’ म्हणतो, ‘होन्दा’ म्हणतो. जपानी त, द आणि र आपल्या तोंडात आधीच आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचं भानही आपल्याला आहे, आणि ते तिथे लागतंच: ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. जोडाक्षरांची तर आपल्याला सवयच. तेव्हा पहिले काही दिवस उच्चार वहीत देवनागरीत लिहा. हिरागाना आणि काताकाना ही दुसरी लिपी डोळ्यांत बसली की देवनागरीही सोडा. हाताने गिरवा, नुसत्या बोटाने टिचकी मारून अक्षर बसत नाही.

आता फोनमध्ये काय ठेवायचं? अक्षरांसाठी जपान फाउंडेशनची ‘मेमरी हिंट’ नावाची मोफत ॲप्स चित्रांतून हिरागाना-काताकाना शिकवतात. ऐकण्यासाठी एनएचके वर्ल्डचे ‘ईझी जपानीज’चे ४८ धडे. ते ॲप नसलं तरी फोनवर चालतं, आणि मुख्य म्हणजे हिंदीतूनही आहे. हिंदीतून शिकलं की वाक्याचा क्रम मोडत नाही. इंग्रजीची भीती असलेल्या प्रत्येकाला मी आधी तिथे पाठवेन. नेमाने अभ्यास करायचा तर जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पुस्तक. पीडीएफ आणि आवाजाच्या फायली दोन्ही मोफत उतरवून घेता येतात. कोयनेच्या खोऱ्यात रेंज गेली तरी अभ्यास थांबत नाही. ॲप निवडताना हा मुद्दा शहरातले सल्लागार विसरतात. शब्दकोश ‘ताकोबोतो’, अँड्रॉइडवर, इंटरनेटशिवाय चालणारा. त्याला मात्र थोडं इंग्रजी लागतं.

कांजीपुढे, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हांपुढे, आपली वर्णमाला हात टेकते. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत. परीक्षेच्या पहिल्या पातळीला साधारण शंभर पुरतात. इथे घोकंपट्टीला पर्याय नाही, फक्त ती शहाणपणाने करायची. अंकीड्रॉइड हे मोफत ॲप, जे चिन्ह विसरायला लागतं तेच नेमकं समोर आणतं. पत्ते स्वतः बनवा, मागच्या बाजूला अर्थ मराठीत लिहा. कांजी शिकवणाऱ्या वानीकानीचंही नाव ऐकाल. पहिले तीन टप्पे मोफत, पुढे पैसे, आणि लक्षात ठेवायच्या गोष्टी सगळ्या इंग्रजीत. त्यातल्या कोट्या मराठी माध्यमाच्या मुलाला समजावून घ्याव्या लागतात, कांजी शिकायची बाजूलाच राहते.

ड्युओलिंगो काढून टाका असं मी म्हणत नाही. रोज फोन उघडायची सवय ते लावतं. पण सलग दिवसांचा आकडा वाढला म्हणजे भाषा आली, ही समजूत काढून टाका.

भाषा बोलण्यातून येते हे सांगलीला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. विटा, खानापूर, आटपाडीची गलाई मंडळी सोनं-चांदी गाळायला केरळ, तमिळनाडूपर्यंत गेली. दुकानात बसून तमिळ, मल्याळम शिकली. गिऱ्हाईक समोर, चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्ती. ॲपमध्ये हा समोरचा माणूस नसतो. तो मिळवावा लागतो. गटाने बसा, मोठ्याने वाचा, एकमेकांना अडवा. नुसतं ठोकळे लावून आलेला मुलगा परीक्षेत ऐकण्याच्या भागात अडकतो. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पातळी एन-५. एकूण १८० पैकी ८० गुणांना पास, पण ऐकण्याच्या ६० पैकी १९ मिळालेच पाहिजेत. नाहीतर बाकी कितीही मिळोत, नापास. या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र हातात असूनही मुलाखतीत तोंड उघडत नाही अशी वेळ येऊ शकते.

आणि हे पालकांसाठी. ‘तीस दिवसांत जपानी, लगेच जपानमध्ये नोकरी’ असं कुणी सांगितलं तर चेकबुक आत ठेवा. भारत आणि जपानमध्ये जानेवारी २०२१ मध्ये करार झाला, त्यातून कुशल कामगारांना जायची वाट आहे. त्यासाठी भाषेचा पुरावा म्हणून एन-४ ही जेएलपीटीची पुढची पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी परीक्षा पास व्हावं लागतं. एन-५ सुद्धा पुरत नाही, मग ॲपच्या प्रमाणपत्राचं काय घेऊन बसलात? सोनं गहाण टाकण्याआधी मुलाला विचारा, जुलै की डिसेंबर, कुठल्या परीक्षेला बसतोयस? दोन्ही महिन्यांतल्या पहिल्या रविवारी जेएलपीटी असते, पुण्यात केंद्र आहे, आणि फॉर्म काही महिने आधीच भरावा लागतो.

साताऱ्यात रयत शिक्षण संस्था आहे, सांगलीत वालचंद आणि विलिंग्डन ही कॉलेजं आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकून बाहेर पडलेली मुलं आहेत. अशा एखाद्या शिक्षकाला रविवारी बोलवा, दोन तासांचा वर्ग घ्या, एसटीचं भाडं आणि मानधन संस्थेने द्यावं. पोरं ॲपवर अक्षरं घोटून येतील. वर्गात त्यांच्याकडून फक्त बोलून घ्या.