खर्जाचा खर्च

माझी भाची वर्षभर बेस गिटार वाजवते आहे आणि आमच्या घराण्यात तिचं वादन अजून कोणी ऐकलेलं नाही. पाहिलंय सगळ्यांनी. गॅदरिंगचा व्हिडिओ ताईनं झाडून साऱ्या नातेवाइकांना पाठवला होता. त्यात गाणारा ऐकू येतो, गिटारवाला ऐकू येतो, ड्रमवाला तर व्हिडिओ बंद केल्यावरही ऐकू येतो. आमची मुलगी मात्र मान डोलावत बोटं चालवतेय आणि आवाजाच्या नावानं शून्य. आई ताईकडेच असते. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, तिला नुसतीच उभी करतात का रे?"

भाचीनं ते ऐकलं. "आजी, माझी सगळ्यांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते. एवढा खर्ज मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून येतच नाही."

"मग येतो कशातून?"

"ॲम्पमधून."

आणि तिघी माझ्याकडे पाहू लागल्या. भाचीच्या लग्नात मामानं मागे उभं राहायचं असतं, हे मला ठाऊक होतं. ॲम्पच्या खरेदीतही ते येतं, हे नव्हतं.

पुण्यात दुकानं नाहीत असं नाही. पण मुंबईत धोबी तलावला चार ॲम्प शेजारी शेजारी लावून वाजवून बघता येतील, आणि तेही स्वतःच्या गिटारवर, असं भाचीचं म्हणणं. म्हणून सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनमध्ये आम्ही तिघं बसलो: ती, मी आणि बेस. तिकिटं दोनच असल्यामुळे बेस माझ्या गुडघ्यांत. शिवाजीनगर येईपर्यंत त्याला दोघांनी क्रिकेटचं किट ठरवलं आणि एका आजींनी वीणा समजून हात जोडले.

समोर एक पासधारक गृहस्थ होते. डेक्कन क्वीनच्या पासधारकाला ठाऊक नसलेला विषय अजून निघायचा आहे. ते म्हणाले, "दोनशे वॉटचा घ्या. उगाच नंतर पस्तावाल." त्यांनी नुकताच इन्व्हर्टर घेतला होता.

सीएसएमटीहून धोबी तलाव चालत. हा भाग म्हणजे मुंबईतला गोवा. इथल्या जेर महाल इमारतीत गोव्याच्या गावोगावचे कूड आहेत. गावातला माणूस आगबोटीवर नोकरीला निघो की बँडमध्ये वाजवायला येवो, पाठ टेकायला जागा इथे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांना आकार देणारे सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस हे दोघेही गोव्याचेच. भाची जेर महालाकडे बघून म्हणाली, "मामा, त्यांच्याकडे ॲम्प होते का रे?" "त्यांच्याकडे मामा नव्हते," मी म्हटलं.

दुकानातले विक्रेते साठीचे, बोलण्यात गोव्याची लय. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "बाय, कुठे वाजवणार?"

"घरी. आणि बँडमध्ये."

"हे दोन ॲम्प झाले. घरी पंचवीस वॉट पुरे. ड्रमवाल्यापुढे उभं राहायचं तर शंभर-दोनशे पाहिजेत. बजेट?"

"पंधरा हजार," मी म्हटलं. शर्टाच्या कापडात कोट मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे शिंपी बघतो, तसं त्यांनी आता माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं.

मी व्यवहारी तोडगा काढला. "पंचवीसच्या जागी पन्नास घेऊ. दुप्पट आवाज!"

"नाही साहेब. वॉट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट दहापट लागतात."

हे मला लगेच पटलं. माझा पगार दुप्पट झाला तेव्हाही घरात तीन डेसिबलचाच फरक पडला होता.

"मग त्या कोपऱ्यातला? निम्म्या किमतीत आहे."

"तो गिटारचा. त्यावर बेस मोठ्यानं वाजवला तर स्पीकर फाटेल. खालच्या सुराला खूप हवा हलवावी लागते, साहेब. त्याला स्पीकर मोठा लागतो, खोका मोठा लागतो, ताकद जास्त लागते."

मला वडील आठवले. भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापला की घुमारा तयार, भजन संपलं की गोळा खरवडून गाईला. खर्जाचा एकूण खर्च मूठभर पीठ, आणि त्यातही गाईचं पोट भरायचं.

परीक्षा सुरू झाली. पहिला ॲम्प आठ इंची स्पीकरचा. भाचीनं बारीक तारा वाजवल्या, गोड वाटलं. "आता जाड तार," विक्रेते म्हणाले. तार छेडली आणि ॲम्प वाऱ्यावरच्या ताडपत्रीसारखा फडफडला. दुसरा दहा इंची, चाळीस वॉटचा. तार छेडली, आवाज आला असं म्हणवत नाही, पण माझ्या खिशातली चिल्लर हलली. त्याच क्षणी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी ताशा वाजवू लागलं.

"त्यांना जरा थांबायला सांगा ना."

"तिथे कोणी नाही. तो स्नेअर ड्रम आहे. त्याच्या खालच्या तारा बेसनं आपोआप थरथरतात."

काठीही न लावता दुसऱ्याचं वाद्य वाजवणारी मुलगी आमच्या घराण्यात पहिलीच.

तिसरा ॲम्प दोनशे वॉटचा. तो मी वाजवून नव्हे, उचलून पाहिला आणि पासधारकांचा सल्ला तिथेच खाली ठेवला.

"चाळीसवालाच न्या," विक्रेते भाचीला म्हणाले. "मागे हे सॉकेट बघ. कार्यक्रम असला की इथून वायर थेट हॉलच्या साउंड सिस्टिमला. लोकांना ते ऐकवतील. हा फक्त तुला ऐकू येण्यापुरता. आणि हे भोक हेडफोनचं. हे सगळ्यांत महत्त्वाचं." ते का, हे त्यांनी सांगितलं नाही. मांडून ठेवलेल्या नगाचा एक कोपरा खरचटला होता. त्या ओरखड्याच्या आधारे मी सतरा हजारांचा भाव साडेपंधरावर आणला.

बिल करता करता ते म्हणाले, "पूर्वी डबल बेसवाल्याचंही बँडमध्ये कोणाला ऐकू यायचं नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत एव्हरेट हल नावाच्या माणसानं त्या वाद्याच्या खालच्या खुंट्यात माइक बसवला. त्यातूनच ॲम्पेग कंपनी निघाली. मग १९५१ साली लिओ फेंडरनं ही विजेवरची बेस बाजारात आणली."

म्हणजे "नुसतीच उभी करतात का रे" हा प्रश्न आईच्या आधीही कोणीतरी विचारला होता.

१९०४ सालच्या कयानीत बन मस्का खाल्ला आणि परतीची डेक्कन क्वीन पकडली. ॲम्प सीटखाली, पाय ॲम्पवर. समोर तेच गृहस्थ.

"किती वॉट?"

"चाळीस."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. कोणाच्या घरी वाईट घडलं की बघतात तसं.

कर्जतला गाडी थांबली. बोरघाटाचा चढ सदतिसास एक. पुढचं इंजिन एकटं पुरत नाही म्हणून मागून बँकर इंजिनं लागतात. फलाटावर सगळ्यांचे डोळे बटाटेवड्यांवर. मागून एक धक्का बसला. त्याकडे कोणीच बघितलं नाही. फक्त हातातला चहा हिंदकळला. भाची माझ्याकडे बघून हसली. मी तिला वडा दिला.

घरी पोचेपर्यंत साडेनऊ. ॲम्प बैठकीत मांडला. आई पुढ्यात खुर्ची घेऊन बसली. भाचीनं जाड तार छेडली. मांडणीवरची फुलपात्रं किणकिणली, देवघरातली घंटी हलली. आईनं ॲम्पवर हात ठेवला आणि डोळे मिटले. "आहे गं बाई," ती म्हणाली, "पोटात आहे."

तेवढ्यात खालच्या काकूंचा फोन. "एवढ्या रात्री वॉशिंग मशीन लावलंत का?"

"नाही हो," आई अभिमानानं म्हणाली, "नात वाजवतेय!"

पलीकडून जे उत्तर आलं, त्यानंतर ते महत्त्वाचं भोक कशासाठी असतं हे मला कळलं. भाचीनं हेडफोन लावला. फुलपात्रं गप्प झाली. भाची मान डोलावत बोटं चालवू लागली आणि घरात शांतता.

आईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, बिघडला का रे?"