पावसाबद्दल तक्रार नाही

पावसाळ्यात शनिवार-रविवारी लहान मुलांना घेऊन पुण्याबाहेर पडणाऱ्या कुटुंबाला सगळ्यात जास्त गरज असते ती छपराची. धबधब्याचा नंबर त्यानंतर येतो. चार वर्षांचं मूल भिजलं की त्याला पुसायला आडोसा हवा, कपडे बदलायला कोरडी जागा हवी आणि शू लागली तर स्वच्छतागृह हवं. चांदणी चौक ओलांडल्यापासून ताम्हिणी घाट उतरेपर्यंत या तीन गोष्टी मिळवताना जो त्रास होतो, त्याबद्दल मी लिहिते आहे. त्रास किरकोळ आहे, हे मला मान्य आहे. पण तो पुण्यातल्या घराघरांतून दर पावसाळ्यात होतो आणि त्याबद्दल कोणी काही करत नाही.

आधी पावसाचं सांगते, कारण दोष त्याचा नाही. पुणं सह्याद्रीच्या पलीकडे, ढग रिकामे होऊन येतात त्या बाजूला आहे. शिवाजीनगरला वर्षभरात साधारण 750 मिलिमीटर पाऊस होतो. 25 जुलै 2024 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला 556 मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे आपल्या वर्षभराच्या पावसाचा जवळजवळ पाऊण भाग तिथे एका दिवसात पडला. आपण मुलांना शहरातल्या दुकानातून रेनकोट घेतो तो शाळेच्या रिक्षापर्यंत जाण्यापुरता असतो. घाटातला पाऊस आडवा येतो. तो गळ्यातून आत शिरतो, बाहीतून आत शिरतो, गमबूट वरून भरतात. पाच मिनिटांत रेनकोटच्या आतलं मूल बाहेरच्या डोंगराइतकंच ओलं होतं. ताम्हिणीला पाऊस असाच पडायचा, त्यासाठीच तर आपण जातो. मग तिथे मुलांना उभं राहायला जागा का नसावी?

मुळशी धरणाच्या कडेने वळणं सुरू झाली की मागच्या सीटवर कोणाला तरी मळमळतं. आजी आवळासुपारी देतात, लिंबू हुंगायला देतात. काचा उघडाव्यात तर पाऊस आत येतो, लावाव्यात तर वाफ धरते आणि चालवणाऱ्याला पुढचं दिसत नाही. अशा वेळी गाडी बाजूला घ्यायला रुंद जागा लागते. ती जागा असते, पण तिथे आधीच गाड्या उभ्या असतात आणि त्यांतल्या एकीची चारही दारं उघडून आतली गाणी सगळ्या दरीला ऐकवली जात असतात. शेजारी कोणाच्या मांडीवर बाळ झोपलं आहे, हे त्या मंडळींच्या डोक्यातही येत नाही. ते यायला हवं.

मग कणीस. शेगडीवरच्या कणसावर माझं मनापासून प्रेम आहे, विकणाऱ्या मावशी दिवसभर पावसात उभ्या असतात आणि त्यांच्याशी घासाघीस करू नये असं माझं मत आहे. तक्रार फक्त लिंबाची. "मुलांसाठी बिनतिखटाचं द्या" असं सांगितलं की मावशी आनंदाने हो म्हणतात आणि तिखट-मिठाच्या ताटलीत सकाळपासून बुडत असलेलं तेच अर्धं लिंबू कणसावर फिरवतात. मुलाच्या ओठांची आग होते, ते रडतं, कणीस आईला खावं लागतं आणि मूल उपाशी राहतं. मुलांसाठी एक वेगळं लिंबू बाजूला ठेवलं तर हा सगळा प्रश्न मिटतो. एका लिंबाला फार पैसे पडत नाहीत.

स्वच्छतागृहाचं मात्र लिंबाएवढं सोपं नाही. मुलगा असेल तर लोक झाडाकडे बोट दाखवतात. मुलगी असेल, बाळाचं डायपर बदलायचं असेल, किंवा सोबतच्या आजींचे गुडघे दुखत असतील, तर काय करायचं याचं उत्तर कोणाकडे नसतं. मग हॉटेलात जेवायला बसायचं, भूक नसताना भजी मागवायची आणि त्या बदल्यात किल्ली मागायची. आत पाणी साचलेलं, कडी मोडलेली, पिशवी अडकवायला खुंटी नाही. ओल्या मुलाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कोरडे कपडे उंच धरणारी आई तिथे आत काय करते, हे ती खोली बांधणाऱ्याने एकदा बघावं.

आणि मुक्कामाची जागा. आम्ही उतरलो होतो त्या रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एकाचा नाही, असं सगळीकडे चालतं. खोली दुपारी एकला मिळते. त्याआधी पोचलेल्यांनी भिजलेल्या मुलांसह उघड्या शेडमध्ये बसायचं. पाहुण्यांना जे जे दाखवून बोलावलेलं असतं ते सगळं आभाळाखाली असतं: पोहण्याचा तलाव, रेन डान्स, शेकोटी, भातलावणी. विजा चमकायला लागल्या की तलाव बंद करतात, ते बरोबरच आहे. पण मग मुलांना दिवसभर देण्यासारखा एकच कॅरम उरतो आणि त्याचा स्ट्रायकर हरवलेला असतो. वीज जाते. जनरेटरवर दिवे लागतात, पंखे लागत नाहीत, आणि दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही ओलेच पिशवीत भरावे लागतात.

सगळ्यात जास्त चीड मला जेवणाच्या वेळेची येते. पाच वर्षांवरच्या मुलांचे अर्धे पैसे आधीच घेतलेले असतात. "साडेसातला मुलांपुरता वरणभात मिळेल का?" असं विचारलं की "बुफे नऊला लागेल ताई" असं उत्तर येतं. नऊला मुलं झोपलेली असतात. जागं करून आणलं तर समोर रश्श्यावर लाल तर्री असते. मावळ-मुळशी हा इंद्रायणी आणि आंबेमोहोर तांदळाचा मुलूख आहे. तिथे येऊन मुलाला रात्री गरम मऊ भात मिळू नये, याचं कारण मला कोणीही पटेल असं सांगितलेलं नाही. कुकर लावायला वीस मिनिटं लागतात.

या किरकोळ त्रासांच्या शेजारीच मोठी गोष्ट उभी आहे. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत चार मुलं होती. 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणी नदीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला आणि चौघांचा जीव गेला. भुशी धरण तर रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं आहे, मुलांना खेळवण्यासाठी नाही. बंदीचे आदेश निघाले, पाट्या लागल्या, आणि ते आवश्यकच होतं. पण पाटी फक्त कुठे जाऊ नका हे सांगते. दीड-दोन तास गाडीत बसून आलेल्या मुलांना कुठे न्यायचं, हे कोणीच सांगत नाही, म्हणून लोक पाण्याशीच जाऊन उभे राहतात.

शहरात हा प्रश्न सुटलेला आहे. मुसळधार पावसातही कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात मुलं रमतात, बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आणि अडकित्ते बघत दुपार निघून जाते. मुळशीला तर दाखवण्यासारखं कितीतरी आहे. तिथलं पाणी भिऱ्याला जाऊन वीज होते. त्या धरणात जमिनी जाणार म्हणून 1921 साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. एक पत्र्याची मोठी खोली, त्यात धरणाची प्रतिकृती, भाताच्या वाणांच्या लोंब्या, नांगर, इरलं, सत्याग्रहाची चित्रं, बसायला बाक, एवढं केलं तरी पुरे. आम्ही तिकीट काढून जाऊ.

राज्याने 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात नोंद झालेल्यांना, हॉटेलवाल्यांना आणि वाटेवरच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे: पुढच्या जूनच्या आधी प्रत्येक थांब्यावर एक छप्पर घाला, आतून कडी लागेल असं एक स्वच्छतागृह बांधा, त्यात एक खुंटी ठोका, आणि साडेसातला कुकर लावा. लागतील ते पैसे घ्या.